मरुप्रदेशातील गोल्फ मैदाने : उगम व विकास

उष्ण व अल्पवृष्टीच्या प्रदेशांत गोल्फ या खेळासाठी आखलेली मैदाने व त्यांच्या रचनेचे तंत्र. ज्या प्रदेशात वार्षिक पर्जन्यमान सामान्यतः २५० मिमी. पेक्षा कमी असते, त्यास भूगोलाच्या परिभाषेत मरुप्रदेश म्हणतात. दुबईचे पर्जन्यमान सुमारे १०० मिमी., तर अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या फीनिक्स शहराचे सुमारे २०० मिमी. आहे. क्रीडांगणाच्या दृष्टीने मात्र ही व्याख्या अपुरी पडते. वर्षभरात पाऊस किती पडतो, यापेक्षा तो सलग किती महिने पडत नाही, यावर गवताचे जीवन अवलंबून असते. लातूर जिल्ह्यात सरासरी सुमारे ८०० मिमी. आणि नांदेड जिल्ह्यात सुमारे ९०० मिमी. पाऊस पडतो, म्हणजे मराठवाड्याचा हा भाग कोणत्याही अर्थाने वाळवंट नव्हे. परंतु या पावसाचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो व मार्च-एप्रिलमध्ये तेथील माळरान वाळवंटाइतकेच कोरडे असते. म्हणून प्रस्तुत लेखात खऱ्या मरुप्रदेशांबरोबर दख्खनच्या पठारासारख्या अवर्षणप्रवण मुलखाचाही विचार केला आहे. कोरड्या भूमीवर गोल्फ कसे खेळावे, या प्रश्नाचे पहिले व्यवहार्य उत्तर ज्या प्रदेशांत सापडले, त्यांत हिंदुस्थानाचा समावेश होतो. हा इतिहास पाश्चात्त्य क्रीडाग्रंथांत सहसा ॲरिझोनापासून सांगितला जातो. ते बरोबर नाही.

गोल्फच्या पूर्ण मैदानात अठरा खळ्या असतात. प्रत्येक खळीचा खेळ ‘टी’ या आरंभस्थानापासून सुरू होतो व ‘ग्रीन’ या गुळगुळीत हिरवळीवर संपतो. दोहोंमधील मोकळ्या, कापलेल्या गवताच्या पट्ट्यास ‘फेअरवे’ व त्याच्या दुतर्फा राखलेल्या वाढीव गवतास ‘रफ’ म्हणतात. वाळूने भरलेला खड्डा म्हणजे ‘बंकर’. तो अडथळा म्हणून ठेवलेला असतो. ही सर्व अंगे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ‘लिंक्स’ या भूप्रकारातून आलेली आहेत. समुद्र व शेतजमीन यांच्या मधल्या या वालुकामय पट्ट्यात नांगर चालत नसे. त्यामुळे मेंढ्या चारण्याखेरीज व खेळण्याखेरीज त्याचा फारसा उपयोग नव्हता. मेंढ्या व ससे गवत कुरतडून आखूड ठेवीत. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढ्यांनी उकरलेल्या खळग्यांतून बंकर निर्माण झाले, असे परंपरेने सांगितले जाते. सेंट अँड्रूज येथील मैदानावर १७६४ मध्ये खळ्यांची संख्या बावीसवरून अठरावर आली व पुढे तीच सर्वमान्य झाली. तेथील प्रसिद्ध मैदानपाल टॉम मॉरिस (१८२१–१९०८) हिरवळीवर वारंवार वाळू पसरीत असे. वाळूच्या या थराने गवत सुधारते, हे त्याने अनुभवाने ताडले होते. गोल्फ हा अशा रीतीने मुळातच वाळूवरचा खेळ आहे. पण ती वाळू बारमाही भिजणारी होती व तिच्यावर गवत कोणी न लावता उगवत होते. स्कॉटलंडमध्ये गवताच्या विस्तारात वाळू हा अपवाद. मरुप्रदेशात वाळूच्या विस्तारात गवत हा अपवाद. पुढील सर्व रचनाविषयक प्रश्न या उलटापालटीतून निर्माण झाले.

हिंदुस्थानातील आरंभ : ब्रिटिश बेटांच्या बाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब १८२९ मध्ये कलकत्ता येथे स्थापन झाला. मुंबईचा क्लब १८४२ चा. तो पुढे लोप पावला. ही दोन्ही शहरे दमट हवामानाची असल्याने गवताची अडचण तेथे तितकी जाणवली नाही. खेळ रेल्वेबरोबर व लष्करी छावण्यांबरोबर देशाच्या अंतर्भागात शिरला, तेव्हा ती प्रकर्षाने पुढे आली. महाराष्ट्रात घाटमाथ्यावरील या खेळाचे एक मोठे केंद्र नाशिक हे होते. रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब तेथे होता व शहरातील ज्या मोकळ्या जागेला आज हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असे नाव आहे, ती जुन्या पिढीच्या तोंडी अजूनही ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणूनच आहे.

दख्खनच्या भूमीचे खेळाच्या दृष्टीने दोन स्पष्ट भाग पडतात. गोदावरी व मांजरा यांच्या खोऱ्यांतील काळी कसदार जमीन पावसाळ्यात फुगते, चिकट होते आणि उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात. कापूस, ज्वारी व तूर यांना मानवणारी ही जमीन चेंडूला मात्र मुळीच मानवत नाही. भेगेत गेलेला चेंडू खेळता येत नाही, पुष्कळदा सापडतही नाही. याउलट बेसाल्ट खडक झिजून तयार झालेल्या मुरमाड माळावर पाणी थांबत नाही, पृष्ठभाग कठीण राहतो व पावसाळ्यात उगवलेले कुसळीसारखे गवत कार्तिकानंतर वाळून जमिनीलगत बसते. शेतकऱ्याने पडीक म्हणून सोडलेला माळ हा खेळाडूचा फेअरवे ठरतो, हे स्कॉटलंडमधील लिंक्सच्या इतिहासाशी मोठे साम्य आहे. दोन्हीकडे नांगराने नाकारलेली जमीन खेळाने स्वीकारली.

फेअरवेचा प्रश्न असा परस्पर सुटला, तरी खळीभोवतीच्या हिरवळीचा सुटत नव्हता. तेथे चेंडू हवेतून न जाता जमिनीवरून संथपणे घरंगळावा लागतो. त्यासाठी पृष्ठभाग एकसारखा असणे अपरिहार्य असते. मार्च महिन्यात विहिरी आटत असताना हिरवळ भिजविण्यासाठी मोटेचे वा पखालीचे पाणी वापरणे छावणीच्या अधिकाऱ्यांनाही परवडणारे नव्हते. यातून हिरवळीऐवजी वाळूचे वर्तुळ करण्याची पद्धत रूढ झाली. या वर्तुळास इंग्रजी बोलीत त्याच्या रंगावरून ‘ब्राऊन’ असे नाव पडले व ते भारतीय गोल्फच्या परिभाषेत कायम झाले.

ब्राऊन करण्याची रीत साधी, पण कसबाची आहे. प्रथम मुरूम पसरून, पाणी शिंपडून व रूळ फिरवून बैठक पक्की करतात. तिच्यावर चाळलेल्या बारीक वाळूचा पातळ थर देतात. वाळू वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यात तेल, बहुधा यंत्रातून निघालेले टाकाऊ तेल, मिसळतात. खेळाडूंची एक तुकडी पुढे गेली, की खळीपासून बाहेरच्या दिशेने वर्तुळाकार ओढणी फिरवून पावलांच्या खुणा पुसून टाकल्या जातात. एका ब्राऊनची त्रिज्या सुमारे ८ मी. धरली, तर त्याचे क्षेत्रफळ २०० चौ. मी. च्या आसपास भरते. देखभालीला एक माणूस पुरतो व एकदा बैठक तयार झाली, की पाणी जवळजवळ लागत नाही.

या साध्या वर्तुळाने मैदानाच्या रचनेचे तर्कशास्त्र बदलले, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. गवताच्या हिरवळीला चढउतार देता येतात व खेळातील बिकटपणा त्या चढउतारांत साठविता येतो. वाळू उतारावर टिकत नाही, म्हणून ब्राऊन सपाट व लहान ठेवावे लागते. परिणामी तेथे पोहोचल्यावर खेळ सोपा असतो. तेथे पोहोचणे कठीण असते. कठीण माळावर पडलेला चेंडू उसळून दूर धावत जातो. त्यामुळे तो नेमका कोठे पडेल यापेक्षा तो कोठवर धावेल, याचा अंदाज बांधावा लागतो. अडथळ्यांसाठी खड्डे खणण्याची गरज उरत नाही. ओढे, नाले, घळी, बाभळीची झुडपे, खडकाचे उघडे पडलेले थर हेच अडथळे होतात. ‘नाला’ हा आपला शब्द अँग्लो-इंडियन खेळाडूंच्या इंग्रजीत गेला, तो या संदर्भातही. अशा मैदानाचा रचनाकार कोणी एक नसतो. पलटणीतील एखादा अधिकारी माळावर फिरून खुंट्या ठोकीत असे व पुढच्या अधिकाऱ्याला त्या हलविण्याचा अधिकार असे. म्हणूनच रचनाकारांच्या नामावळीत या मैदानांना स्थान मिळाले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांची उपेक्षा होण्याचे खरे कारण हे आहे. त्यांचा दर्जा हे नव्हे.

वाळूची वर्तुळे वापरणारा हिंदुस्थान हा एकटा देश नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात आणि अमेरिकेच्या मध्यवर्ती गवताळ राज्यांत तीच युक्ती प्रचारात होती. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील पाइनहर्स्ट येथील विख्यात मैदानावरही डोनाल्ड रॉस (१८७२–१९४८) या रचनाकाराने १९३५ च्या सुमारास गवत आणीपर्यंत वाळूच्याच हिरवळी होत्या. ब्राऊन ही केवळ गरीब मुलखाची तडजोड होती, हा समज त्यामुळे टिकत नाही. गवत टिकविण्याचे शास्त्र प्रगत होण्यापूर्वी उष्ण प्रदेशात सर्वत्र तोच राजमार्ग होता.

तेलनगरीतील मैदाने : दुसऱ्या महायुद्धानंतर इराणच्या आखाताभोवती खनिज तेलाच्या उद्योगामुळे नवी नगरे वसली. सौदी अरेबियातील धाहरान व कुवेतमधील अहमदी येथे तेल कंपन्यांच्या नोकरवर्गाने वाळवंटातच मैदाने आखली. येथे वाळू बसविण्यासाठी लागणारे तेल अर्थातच मुबलक होते. माळाचे वाळलेले गवतही तेथे नसल्याने फेअरवे म्हणजे दगड वेचून काढलेला वाळूचा पट्टा व त्याच्या कडा दाखविणारे खांब, एवढेच असे. चेंडू वाळूत रुतू नये म्हणून खेळाडू कृत्रिम गवताचा लहानसा तुकडा जवळ बाळगी, प्रत्येक फटक्यापूर्वी तो जमिनीवर ठेवी व त्यावर चेंडू ठेवून खेळे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील कूबर पीडी या ओपल रत्नांच्या खाणींच्या गावी अजूनही असाच खेळ चालतो. उन्हाच्या तापामुळे तेथे रात्री चमकत्या चेंडूने खेळण्याचीही प्रथा आहे. या प्रकारात मैदान खेळाडूच्या हातात असते, असे म्हणावयास हरकत नाही.

हरळीचा विजय : मरुप्रदेशात गवताची मैदाने शक्य झाली, ती पाणी उपसणारे पंप, फिरते तुषारयंत्र व एका गवताची सुधारित वाणे या तीन गोष्टींमुळे. झटके देत गोल फिरणारे तुषारयंत्र कॅलिफोर्नियातील ऑर्टन एंगलहार्ट याने १९३३ मध्ये तयार केले. गवत म्हणजे आपली हरळी. पाश्चात्त्य देशांत बर्म्यूडा या नावाने ओळखली जाणारी ही वनस्पती मराठी वाचकाला दूर्वा म्हणून पूजेच्या तबकात व तण म्हणून शेतात सारखीच परिचित आहे. मराठवाड्यातील काळ्या रानात हरळी शिरली, की ती खणून काढण्यात शेतकऱ्याचे उन्हाळेच्या उन्हाळे जातात. पेरापेराला मूळ धरणे, तुडविल्यावर पुन्हा उभारणे, पाण्यावाचून मरण्याऐवजी सुप्त राहणे हे तिचे गुण शेताला घातक व खेळाला उपकारक आहेत. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथील संशोधनकेंद्रात ग्लेन बर्टन (१९१०–२००५) यांनी सामान्य हरळीचा आफ्रिकेतील बारीक पानांच्या जातीशी संकर करून ‘टिफग्रीन’ (१९५६) व ‘टिफवे’ (१९६०) ही वाणे प्रसृत केली. ती अत्यंत आखूड कापली तरी तग धरतात. उष्ण हवामानात ब्राऊनची जागा हिरवळीला घेता आली, त्यात या वाणांचा वाटा फार मोठा आहे.

कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्झजवळच्या कोचेला खोऱ्यात १९५१ मध्ये ‘थंडरबर्ड’ हे अठरा खळ्यांचे मैदान सुरू झाले व त्यामागोमाग अनेक निघाली. मैदानाच्या कडेने घरांचे भूखंड विकायचे व त्या विक्रीतून मैदानाचा खर्च भागवायचा, ही योजना तेथे यशस्वी ठरली. तेव्हापासून मैदानाचा रचनाकार केवळ खेळाचा जाणकार राहिला नाही. तो जमीन विकणाऱ्याचा सल्लागारही झाला. खिडकीतून हिरवे दिसले पाहिजे, ही अट खेळाच्या गरजेतून आलेली नाही. टीपासून ग्रीनपर्यंत सर्व काही झाकून टाकणाऱ्या, तळी व झाडे असलेल्या या मैदानांना मरूद्यानाच्या नमुन्याची मैदाने म्हणता येईल. दुबईत १९७१ पासून वाळूचे मैदान होते. तेथे १९८८ मध्ये कार्ल लिटन याच्या आराखड्याप्रमाणे ‘एमिरेट्स’ क्लबचे संपूर्ण गवताचे मैदान उघडले, ते या नमुन्याचेच. लास व्हेगासजवळचे ‘शॅडो क्रीक’ (१९८९, रचनाकार टॉम फॅझिओ) हे त्याचे टोक होय. सपाट वाळवंटात टेकड्या रचून, हजारो झाडे लावून व ओढे वाहते करून तेथे जणू दुसऱ्याच हवामानाचा प्रदेश उभारण्यात आला. कारागिरी म्हणून ते थक्क करणारे आहे. मरुप्रदेशातील रचना म्हणून त्याकडे पाहण्यात फारसा अर्थ नाही, कारण मरुप्रदेश दिसू नये हाच त्याचा हेतू आहे.

ॲरिझोनातील वळण : भूमीशी जुळवून घेण्याचा विचार याच काळात एका वेगळ्या वाटेने परत आला. ॲलिस्टर मॅकेंझी (१८७०–१९३४) हा शल्यवैद्य बोअर युद्धात दक्षिण आफ्रिकेत होता. बोअर सैनिक उघड्या माळावर केवळ जमिनीच्या उंचसखलपणाचा आडोसा घेऊन दिसेनासे कसे होतात, याचा त्याने अभ्यास केला होता. पुढे मैदानांचा रचनाकार झाल्यावर कृत्रिम अंग नैसर्गिक वाटावे, या तत्त्वाचा त्याने आग्रह धरला. ॲरिझोनातील केअरफ्री येथे रेड लॉरेन्स याने १९६२ मध्ये आखलेल्या ‘डेझर्ट फॉरेस्ट’ या मैदानात हे तत्त्व मरुप्रदेशाला लागू झाले. तेथे फेअरवेवर एकही बंकर नाही, पाण्याचा अडथळा नाही. निवडुंग व काटेरी झुडपे यांनी भरलेले मूळचे वाळवंट दोन्ही बाजूंना तसेच ठेवलेले आहे व तेच शिक्षा करते. आपल्याकडील छावणीच्या मैदानावर नाला व बाभूळ जे काम करीत, ते येथे निवडुंग करतो.

हा प्रयोग काही काळ एकाकी राहिला. तो सार्वत्रिक झाला, तो रसिकतेमुळे नव्हे, तर कायद्यामुळे. भूजलाच्या बेसुमार उपशाला आळा घालणारा कायदा ॲरिझोनाने १९८० मध्ये केला आणि त्याखालील नियमांनी नव्या मैदानाला सिंचित गवताची मर्यादा घातली. ती अठरा खळ्यांना सुमारे ९० एकर, म्हणजे ३६ हेक्टर होती. गवत मोजून मिळू लागताच रचनाकारांना ते कोठे खर्चावे याचा विचार करणे भाग पडले. टी, चेंडू पडण्याची जागा व ग्रीन एवढीच हिरवी बेटे ठेवून मधले वाळवंट तसेच सोडण्याची पद्धत त्यातून आली. जॅक निकलस याने आखलेले व १९८३ मध्ये एका गाजलेल्या स्पर्धेमुळे दूरचित्रवाणीवरून अमेरिकेस परिचित झालेले ‘डेझर्ट हायलँड्स’ हे या पद्धतीचे ठळक उदाहरण आहे. तिच्यावर आक्षेपही आहेत. चेंडू बेटावरून बेटावर उडवावा लागतो. जमिनीवरून धावत नेण्याची कला, जी ब्राऊनच्या मैदानावर सर्वांत महत्त्वाची होती, ती येथे निरुपयोगी ठरते. सामान्य खेळाडूचे चेंडूही फार हरवतात.

पाण्याचा हिशेब : एक हेक्टर जमिनीवर एक मिमी. पाणी देणे म्हणजे १०,००० लिटर पाणी देणे होय. उन्हाळ्यात हरळीला दिवसाला ५ मिमी. पाणी लागते, असे धरल्यास ३६ हेक्टर गवताला रोज १८ लाख लिटर लागतील. केवळ अठरा हिरवळीच भिजवावयाच्या ठरविल्या, तर प्रत्येकी ५०० चौ. मी. प्रमाणे क्षेत्र ०.९ हेक्टर होते व गरज ४५,००० लिटरवर येते. ब्राऊन असल्यास ती शून्याजवळ जाते. खेळ तोच, खळ्या तितक्याच. फरक आराखड्याचा आहे.

या आकड्यांचा अर्थ लातूरकरांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा प्रकल्प कोरडा पडल्यावर लातूर शहरात पाणीसाठ्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली व मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या व तिने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले. पुढे पन्नास वाघिणींची, सुमारे २५ लाख लिटरची गाडी धावू लागली. वरील हिशेबाने, मरूद्यानाच्या नव्हे तर ॲरिझोनाच्या कायद्याने आखडलेल्या एका मैदानाला रोज अशा छत्तीस वाघिणी लागतील. फक्त हिरवळी भिजविणाऱ्या मैदानाला एक वाघीण पुरेल.

त्याच एप्रिल महिन्यात क्रीडांगणाच्या पाण्याचा प्रश्न महाराष्ट्रात न्यायालयासमोर आला. तो गोल्फसंबंधी नसून क्रिकेटसंबंधी होता. इंडियन प्रीमियर लीगच्या राज्यातील सामन्यांसाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी खर्ची पडेल, असे एका जनहित याचिकेत म्हटले होते. मैदानांसाठी पिण्याचे पाणी न वापरता मुंबईतील महालक्ष्मी घोडशर्यतीच्या मैदानावरील प्रक्रिया केलेले सांडपाणी आणता येईल, अशी तयारी क्रिकेट नियामक मंडळाने दाखविली. तथापि मुंबई उच्च न्यायालयाने १३ एप्रिल २०१६ रोजी ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलविण्याचा आदेश दिला. पुढे १ मे रोजीच्या पुणे येथील एका सामन्यापुरती सवलत मिळाली. मुंबईत ठरलेला अंतिम सामना बंगळूरला झाला. मुंबई-पुण्यातील पाणी वाचल्याने लातूरला थेंबही मिळत नाही, असा युक्तिवाद त्या वेळी झाला व भूगोलाच्या दृष्टीने तो खोटा नव्हता. परंतु गवतासाठी पाणी किती व कोणते वापरावे, याचा जाब क्रीडासंस्थेला द्यावा लागतो, हे तत्त्व त्या प्रकरणाने सर्वांसमोर आणले. ॲरिझोनात तेच काम ३६ वर्षांपूर्वी कायद्याने केले होते.

प्रक्रिया केलेले सांडपाणी हा आता मरुप्रदेशातील मैदानांचा नेहमीचा आधार झाला आहे. त्याची एक अडचण म्हणजे त्यातील क्षार. ते मुळांशी साचतात व त्यांना खाली धुऊन नेण्यासाठी गवताच्या गरजेपेक्षा जास्त पाणी द्यावे लागते. काळ्या, निचरा न होणाऱ्या जमिनीत हा दोष अधिक बळावतो. बागायती उसाच्या रानात क्षारफुटी पाहिलेल्या शेतकऱ्याला तो परका नाही. म्हणून अशा ठिकाणी हिरवळीखालची मूळ माती काढून टाकतात व खडीच्या थरावर सुमारे ३० सेंमी. जाडीचा वाळूचा थर देऊन त्यावर हरळी लावतात. अमेरिकेतील गोल्फ संघटनेने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत आज जगभर रूढ आहे. भारतातील ज्या छावण्यांच्या मैदानांवर ब्राऊन मोडून हिरवळी करण्यात आल्या, तेथेही बहुधा तिचाच अवलंब होतो. वाळू तीच राहते, फक्त ती गवताखाली जाते आणि तिच्यासाठी पाण्याची जोडणी घ्यावी लागते.